क्राकोव: काझिमिएश आणि पोदगूझे एका दिवसात, कोणत्या क्रमाने?

रानवाटा

ऑक्टोबरच्या मध्यावर पोलंडमधल्या क्राकोवमध्ये तीन दिवस आहोत, शुक्रवार ते रविवार. आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर आरामात चालतात, पण गुडघ्यांमुळे चढ आणि जिने जपून.

सध्याचा बेत: शुक्रवारी जुना चौक आणि वावेल किल्ला, शनिवारी काझिमिएशमधला घेट्टो आणि शिंडलरचा (आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या जर्मन उद्योजकाचा) कारखाना, रविवारी आउश्वित्झची नाझी छावणी. अजून काहीच बुक केलेलं नाही. विचारायचं ते असं:

१. शनिवारच्या गोष्टी कोणत्या क्रमाने घ्याव्यात? चालणं किती होईल?
२. कारखान्याचं तिकीट तिथे जाऊन मिळतं का?
३. प्वाशुवच्या नाझी छावणीच्या जागेवर आता काहीच उरलेलं नाही असं वाचलं. तरी जावं का?
४. कपडे, फोटो, वागणं यांबद्दल काय सांभाळावं? माहिती नसल्यामुळे कुणाचं मन दुखावायला नको.

उंबरठा

आधी दोन दुरुस्त्या, कारण बाकीचा बेत त्यांवरच ठरेल.

पहिली: घेट्टो, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, काझिमिएशमध्ये नव्हता. ही गल्लत फार जण करतात. त्याचं एक कारण म्हणजे १९९३ मध्ये आलेल्या 'शिंडलर्स लिस्ट' या हॉलिवूडच्या चित्रपटात घेट्टोचे बरेचसे प्रसंग काझिमिएशमध्ये चित्रित झाले. युझेफा आणि मायझेल्सा या रस्त्यांना जोडणारं लाकडी सज्ज्यांचं अंगण आहे, तिथे लोक घेट्टो समजून फोटो काढत असतात.

काझिमिएश हे १३३५ मध्ये काझिमिएश राजाने वसवलेलं वेगळं गाव. १४९५ मध्ये क्राकोव शहरातल्या ज्यूंना तिकडे हलवलं गेलं. तिथून पुढे साडेचारशे वर्षं सभागृहं (सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं), शाळा, छापखाने, बाजार हे सगळं तिथेच वाढलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर क्राकोवमध्ये ६० हजारांहून जास्त ज्यू राहत होते, म्हणजे शहरातला जवळजवळ दर चौथा माणूस. ६ सप्टेंबर १९३९ ला जर्मन सैन्य शहरात शिरलं. कब्जा केलेल्या पोलंडचा कारभार पाहणाऱ्या नाझी अधिकारी हान्स फ्रांकने वावेलच्या किल्ल्यात मुक्काम ठोकला आणि क्राकोव ही त्याच्या अंमलाखालच्या प्रदेशाची राजधानी झाली. राजधानीत ज्यू नकोत म्हणून १९४० मध्ये बहुतेकांना शहराबाहेर हाकललं. जे उरले त्यांच्यासाठी मार्च १९४१ मध्ये घेट्टोचा हुकूम निघाला, आणि त्यासाठी जागा निवडली ती नदीपलीकडची, पोदगूझेतली. ३२० घरं. आधी तिथे सुमारे ३००० माणसं राहायची, आता १५,००० हून जास्त कोंबली गेली.

म्हणजे तुम्हाला दोन वेगळे भाग पाहायचे आहेत आणि मध्ये विस्वा नदी आहे. काझिमिएशमध्ये जगणं होतं, पोदगूझेत कोंडणं. म्हणून आधी काझिमिएश, मग नदी ओलांडून पोदगूझे. उलट क्रमाने गेलात तर आधी भिंत दिसते, पण त्या भिंतीआड कोण आणि कुठून आणलं गेलं होतं ते कळत नाही. विशेषतः मुलीसाठी हा क्रम सोडू नका.

दुसरी: शनिवार नको. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. शेरोका रस्त्यावरचं रेमू सभागृह आणि त्यामागची जुनी दफनभूमी, तसंच म्योदोवा रस्त्यावरची नवी दफनभूमी शनिवारी बंद असते, आणि शुक्रवारीही लवकर दरवाजे लागतात. काझिमिएशला शनिवारी गेलात तर जे सगळ्यात महत्त्वाचं तेच बाहेरून पाहून परतावं लागेल. अजून बुकिंग केलेलं नाही ते बरंच झालं. आउश्वित्झ शनिवारी, काझिमिएश-पोदगूझे रविवारी, अशी अदलाबदल करा. ज्यू सणांच्या दिवशीही सभागृहं बंद असतात, आणि सणांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतो. दरवर्षी तारखा बदलतात, त्यामुळे तुमच्या तारखांना सुक्कोत किंवा सिम्हात तोरा आहे का ते कॅलेंडरमध्ये पाहून घ्या. क्रम बरोबर लावूनही फाटक बंद दिसतं ते बहुतेक याच कारणाने.

काझिमिएशमध्ये काय पाहावं, थोडक्यात:

रेमू सभागृह १६व्या शतकातलं, आजही प्रार्थनेत असलेलं. मागच्या दफनभूमीत रब्बी मोशे इसेर्लेस यांची समाधी आहे, मृत्यू १५७२. युद्धात जर्मनांनी ही जागा कचरा टाकायला वापरली. युद्धानंतर जमिनीखाली गाडलेले शेकडो दगड सापडले, ते पुन्हा उभे केले. जे जोडण्यापलीकडे फुटले होते त्यांच्या तुकड्यांची भिंत बांधली, शेरोका रस्त्याच्या बाजूला. या भिंतीपाशी थोडं थांबा. एका तुकड्यावर आशीर्वाद देणाऱ्या हातांची बोटं तेवढी उरलेली, शेजारच्यावर नावाची अर्धीच ओळ, त्याच्या वर कुठल्या तरी तिसऱ्याच थडग्यावरचा वेल. मुलीला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

शेरोकाच्या टोकाचं जुनं सभागृह आता शहराच्या संग्रहालयाची शाखा आहे, त्यामुळे तिथे संग्रहालयाचं वेळापत्रक चालतं. त्यासमोरचा स्मारकदगड बहुतेक लोक न वाचताच पुढे जातात. १९४३ मध्ये इथे ३० पोलिश ओलिसांना गोळ्या घातल्या.

आणि दारांकडे लक्ष ठेवा. युझेफासारख्या रस्त्यांवर जुन्या घरांच्या उजव्या दारबाहीवर, साधारण खांद्याच्या उंचीला किंवा त्याच्या थोडं वर, बोटाएवढी तिरपी खाच दिसते. दोन्ही टोकांना खिळ्यांची भोकं, वरून रंगाचे चार-पाच थर बसलेले. तिथे मेझुझा होती, म्हणजे धर्मवचन लिहिलेली गुंडाळी ठेवलेली छोटी डबी. माणसं गेली, डबी गेली, लाकडातली खाच तेवढी राहिली. सगळ्या दारांवर नाही सापडणार. नूतनीकरणात दारंच बदलली गेली आहेत आणि दरवर्षी अशा खुणा कमी होत चालल्या आहेत.

कासवचाल

तिकीट आणि चालणं यांबद्दल लिहितो.

लिपोवा ४, म्हणजे शिंडलरच्या कारखान्याचं संग्रहालय. तिथे जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. प्रवेश वेळेच्या ठरलेल्या गटांनी असतो आणि सुटीच्या दिवसांची तिकिटं आधीच संपतात. क्राकोव शहर संग्रहालयाच्या स्वतःच्या तिकीट-साइटवरूनच घ्या. शोधलं की आधी दिसतात त्या मध्यस्थांच्या साइट, गाइड जोडून बऱ्याच जास्त झुवॉटींना (पोलिश चलन) तेच तिकीट विकणाऱ्या. आठवड्यात एक दिवस प्रवेश मोफत असतो आणि त्या दिवशी गर्दी वेगळीच असते, सासूबाई बरोबर असताना तो दिवस टाळा.

आत काय आहे हे आधी माहीत असू द्या, नाहीतर हिरमोड होतो. हे शिंडलरचं संग्रहालय नाही. २०१० मध्ये उघडलेलं हे प्रदर्शन १९३९ ते १९४५ या काळातल्या, जर्मन कब्ज्यातल्या क्राकोव शहराबद्दल आहे. १९३७ मध्ये तीन ज्यू उद्योजकांनी काढलेला हा एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना दिवाळखोरीत गेला आणि शिंडलरने तो ताब्यात घेतला. युद्धानंतर कित्येक दशकं इथे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनत होते, त्यामुळे जुनी यंत्रसामग्री शोधायला जाऊ नका. शिंडलरची खोली आहे, आणि तिच्यात एनॅमलच्या भांड्यांनी भरलेली पारदर्शक पेटी, ज्यांचा जीव वाचला त्यांच्या नावांसह. १९४४ च्या शरदात शिंडलरने क्राकोवहून चेक भूमीतल्या ब्र्युन्लिट्झला हलवून वाचवलेले कामगार सुमारे ११००.

किमान दीड तास, मजकूर वाचणारे असाल तर दोन तास. मार्ग एकेरी आहे. मध्येच मागे फिरणं जवळजवळ अशक्य, कारण मागचा गट अंगावर येत असतो. खोल्या अरुंद, काही मुद्दाम अंधाऱ्या, आणि प्वाशुवच्या दालनात पायाखाली खडी आहे. सासूबाईंना हात धरायला एक जण कायम शेजारी हवा. पाठीवरची मोठी पिशवी क्लोकरूममध्ये ठेवावी लागते, तेव्हा वेळेच्या १५ मिनिटं आधी पोचा. सुरुवातीलाच शौचालयाला जाऊन घ्या.

एका खोलीची फरशी स्वस्तिक-चिन्हांच्या टाइलची आहे. मुलीला आधीच सांगून ठेवा. आपल्या दारातलं स्वस्तिक आणि हे नाझींचं चिन्ह यांतला फरक अंधाऱ्या, गर्दीच्या खोलीत घाईघाईने सांगण्यापेक्षा आदल्या रात्री निवांत सांगितलेला बरा.

गरुडाचं औषधालय हे प्लाट्स बोहातेरुव गेत्ता, म्हणजे घेट्टोवीर चौकातलं छोटं संग्रहालय. तादेउश पान्क्येविच हा पोलिश औषधविक्रेता. घेट्टोची सीमा आखली गेली तेव्हा दुकान सोडून जायला त्याने नकार दिला आणि परवानगी मिळवून आतच राहिला. त्याच्या तीन मदतनीस स्त्रिया रोज बाहेरून आत यायच्या आणि येताना निरोप, अन्न, औषधं आणायच्या. तरुण आणि कामाला योग्य दिसावं म्हणून केसांचा कलप, लपवलेल्या लहान मुलांनी आवाज करू नये म्हणून गुंगीचं औषध, हे सगळं इथून जायचं. जागा लहान असल्यामुळे ४५ मिनिटं पुरतात. इथले लाकडी खण उघडून पाहता येतात, आणि मुलांना कारखान्यातल्या भव्य दालनांपेक्षा हेच जास्त भिडतं. एकच गोष्ट निवडायची वेळ आली, तर औषधालय ठेवा आणि कारखाना सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालण्याचा हिशोब, ढोबळ: शेरोका ते प्लाट्स नोवी चौक ४०० मीटर, तिथून पादचारी पुलापर्यंत ७००, पूल ओलांडून घेट्टोवीर चौक ६००-७००, चौक ते लिपोवा ४ आणखी ८००-९०० (रेल्वेखालच्या कोंचिक रस्त्याच्या बोगद्यातून), मग परत चौकापर्यंत तेवढंच. एकूण साडेतीन किलोमीटर सहज, शिवाय संग्रहालयांच्या आतलं उभं राहणं वेगळं. सासूबाईंच्या मर्यादेबाहेर आहे. म्हणून नदी ओलांडताना ट्राम घ्या. स्तारोविश्लना रस्त्यावरचा म्योदोवा थांबा शेरोकापासून पाच-सात मिनिटांवर आहे, तिथून दोन थांब्यांवर घेट्टोवीर चौक. तिकीट वेळेवर चालतं (ठरावीक मिनिटांचं), कागदी असेल तर आत चढल्या चढल्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

काझिमिएशमधला रस्ता गोल दगडांचा आहे. पातळ तळव्याचे बूट गुडघ्यांना तासाभरात जाणवतात, जाड तळ्याचे हवेत.

इलेक्ट्रिक गाड्यांतून तासाभरात सगळं दाखवणारे शेरोकावर हाका मारतात. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे हे मान्य. पण रेमूला गाडी बाहेरूनच दाखवते आणि चौकात दोन मिनिटं थांबते. तुमच्या सासूबाई दोन किलोमीटर चालतात, त्यांना गाडीची गरज नाही, बाकांची आहे. शेरोकाच्या मध्यात आणि प्लाट्स नोवीला बाक आहेत.

रानवाटा

घेट्टो नदीपलीकडे होता हे खरंच माहीत नव्हतं. शनिवार-रविवार अदलाबदल करते. घेट्टोवीर चौकात खुर्च्या आहेत म्हणतात, त्यांवर बसावं की नाही? घेट्टोची भिंत अजून कुठे आहे? आणि प्वाशुवचं काय?

पाणवठा

खुर्च्यांपासून सुरू करतो.

घेट्टोतून माणसांना याच चौकात गोळा करून पाठवलं जायचं. १९४२ च्या जून आणि ऑक्टोबरमध्ये बेल्झेत्सच्या मारछावणीत, आणि १३-१४ मार्च १९४३ ला घेट्टो रिकामा करताना कामाला योग्य ठरलेल्यांना प्वाशुवला. त्या दोन दिवसांत घेट्टोच्या रस्त्यांवर आणि घरांत जवळपास २००० माणसं मारली गेली. माणसं गेल्यावर त्यांचं सामान, कपाटं, खुर्च्या चौकात पडून राहिल्या. २००५ चं स्मारक त्यावर आधारलेलं आहे: धातूच्या ३३ मोठ्या खुर्च्या चौकात आणि ३७ लहान खुर्च्या कडेला आणि ट्रामच्या थांब्यांवर. लहान खुर्च्या बसण्यासाठीच आहेत, रोज ट्रामची वाट पाहणारे लोक त्यांवर बसतात. सासूबाईंनी निःसंकोच बसावं. मोठ्या खुर्च्यांवर चढून, पाय सोडून फोटो काढणारे दिसतील, ते करू नका. दुपारी सूर्य कलला की मोठ्या खुर्च्यांच्या सावल्या फरसबंदीवर लांब पडतात आणि चौक अधिकच रिकामा वाटायला लागतो, म्हणून शक्य असेल तर चौकात दोनदा थांबा, जाताना आणि येताना.

याच चौकात ६ क्रमांकाच्या घरावर ज्यू लढवय्या संघटनेचा फलक आहे. २२ डिसेंबर १९४२ ला जुन्या शहरातल्या जर्मन अधिकाऱ्यांच्या कॅफेवर हल्ला केला तो याच भूमिगत तरुणांनी. घेट्टोतली माणसं मुकाट गेली असं कुणी मुलीला सांगितलं असेल तर हा फलक दाखवाच.

भिंतीचे दोन तुकडे उरले आहेत. ल्वोव्स्का रस्त्यावर २५ ते २९ क्रमांकांच्या दरम्यान एक, रस्त्यालगतच, चौकापासून सात-आठ मिनिटं. दुसरा लिमानोव्स्कीएगो ६०-६२ च्या शाळेमागे, मुलांच्या खेळण्याच्या मैदानाशी. भिंतीचा वरचा कड पाहा. ओळीने गोल कमानी आहेत, ज्यू थडग्यांच्या दगडांसारख्या. हा आकार जर्मनांनी मुद्दाम निवडला होता. राहणाऱ्याला रोज उठून दिसावं की तो कुठे आहे. सासूबाईंसाठी ल्वोव्स्काचा तुकडा पुरेसा. शाळेमागे गेलात तर मुलं खेळत असताना कॅमेरा त्यांच्याकडे वळवू नका.

आता प्वाशुव. "काहीच उरलेलं नाही" हे अर्धं खरं आहे. बराकी नाहीत, कुंपण नाही. सुमारे ४० हेक्टरचं गवताळ, उंचसखल रान आहे, झाडं आहेत, लोक कुत्री फिरवतात. पण ही छावणी दोन ज्यू दफनभूमींवर उभी केली होती, थडग्यांचे दगड उखडून रस्त्यांना घातले होते, आणि १९४४ मध्ये पुरावे मिटवण्यासाठी जर्मनांनी प्रेतं उकरून जाळली. म्हणजे पायाखाली जे आहे ते दफनभूमीच आहे. आता तिथे स्मारक-संग्रहालय आहे आणि मोकळ्यावर माहितीफलक लावलेले आहेत, त्यांशिवाय नुसतं गेलं तर खरोखर काही कळत नाही. फलक क्रमाने वाचा. येरोझोलिम्स्का रस्त्याच्या तोंडाशी करडं घर दिसतं, त्याच्या तळघरात कैद्यांच्या कोठड्या होत्या. टोकाला १९६४ चं मोठं दगडी स्मारक आहे, छातीपाशी चिरलेल्या पाच आकृतींचं.

सोबत सासूबाई असतील तर सगळं रान पालथं घालू नका. व्येलिच्का रस्त्याच्या ट्रामने या, करडं घर आणि जवळचे फलक पाहा, तासाभरात परता. पायवाटा मातीच्या आहेत, पावसानंतर घसरड्या होतात. दिवे नाहीत, सावलीला छप्पर नाही, शौचालय जवळ असेलच असं नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर सहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा कारखान्यानंतर संध्याकाळी जायचा बेत करू नका.

एक गफलत नक्की टाळा. जवळच लिबानची जुनी दगडखाण आहे. तिथे थडग्यांच्या दगडांची वाट दिसते आणि इंटरनेटवर तिचे फोटो "प्वाशुवचा खरा रस्ता" म्हणून फिरतात. ती त्याच १९९३ च्या चित्रपटासाठी केलेल्या सेटची उरलेली नक्कल आहे. खाणीत युद्धकाळात जर्मनांची सक्तमजुरीची छावणी खरोखर होती, ती वेगळी गोष्ट. पण खाली उतरणं धोक्याचं आहे, कडे सुटलेले आहेत. वरून, क्राकुसच्या टेकाडावरून ती दिसते. टेकाडाचा चढ मात्र सासूबाईंना झेपणार नाही.

खलनायक छावणीप्रमुख आमोन ग्योटचा बंगला शोधत काही जण फिरतात. तिथे आता कुणाचं तरी राहतं घर आहे. जाऊ नका.

उंबरठा

चौथ्या प्रश्नाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून परत आलो.

कपडे: सभागृहात आणि दफनभूमीत पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी किंवा रुमाल चालतो, रेमूच्या दाराशी गोल टोपी मिळते. स्त्रियांनी खांदे झाकलेले असले की झालं. समाधीवर फुलं वाहत नाहीत, लहान दगड ठेवतात. तो बाहेरून खिशातून न्या. दफनभूमीतला उचलू नका, तो कुणी तरी आधीच कुणासाठी ठेवलेला असतो. समाध्यांमधल्या फटींत घातलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या किंवा ओढायच्या नाहीत.

गळ्यात स्वस्तिकाचं पदक, कानातलं, कुर्त्यावरची नक्षी, गाडीच्या किल्लीला लावलेलं चिन्ह, काहीही असेल तर त्या तीन दिवसांसाठी सामानातच ठेवा. आपल्या मनात काय आहे हे समोरच्या म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, त्याला चिन्ह दिसतं. शिवाय नाझी विचारांच्या प्रचाराविरुद्ध पोलंडमध्ये फौजदारी कायदा आहे. समजावत बसण्याची वेळ येऊच देऊ नये.

बोलताना "पोलिश छावण्या" असं म्हणू नका. त्या कब्जा केलेल्या पोलंडमधल्या जर्मन छावण्या होत्या. मराठीत सहज तोंडातून निघतं आणि इंग्रजीत बोलताना तसंच जातं, आणि समोरच्या पोलिश गाइडचा चेहरा लगेच बदलतो. लाखो पोलिश माणसंही या छावण्यांत आणि रस्त्यांवर मारली गेली आहेत.

दुकानांत हातात नाणं धरलेल्या दाढीवाल्या ज्यू माणसाच्या मूर्ती आणि चित्रं दिसतील, घरात पैसा यावा म्हणून ठेवतात. घेऊ नका. ज्यू म्हणजे पैसा, ही तीच जुनी थट्टा, जिच्यावर द्वेषाची इमारत उभी राहिली. २०२१ मध्ये क्राकोव शहरानेही या वस्तूंची विक्री थांबावी अशी भूमिका घेतली. शेरोकावर ओळीने दिसणाऱ्या जुन्या दुकानांच्या नावांच्या पाट्या खऱ्या नाहीत, उपाहारगृहाची सजावट आहे. "ज्यू पद्धतीचं" जेवण बहुतेक ठिकाणी कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांप्रमाणे केलेलं, नसतं. जेवायला हरकत नाही, ते परंपरा म्हणून खाऊ नका इतकंच.

फोटोंना मनाई बहुतेक ठिकाणी नाही, फ्लॅशला आहे. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली.

आणि काझिमिएश म्हणजे फक्त मेलेल्यांची जागा समजू नका. म्योदोवा रस्त्यावर टेंपल सभागृहाच्या आवारात २००८ पासून ज्यू समाजकेंद्र चालू आहे, तिथे आज माणसं भेटतात, सण करतात. दायवूर रस्त्यावरचं गॅलिशिया संग्रहालय एका तासात होतं, गर्दी कमी, बसायला जागा. मुलीला आणि सासूबाईंना तिथे विसावा मिळेल. दुपारच्या जेवणाआधी घालता येईल.

कासवचाल

आउश्वित्झ शनिवारी, तर त्याबद्दल तीन वाक्यं. प्रवेश मोफत असला तरी वेळ आधी संग्रहालयाच्या साइटवर बुक करावी लागते आणि पासवर नाव असतं, ओळखपत्र तपासतात. गाइडसह दोन्ही भाग (मुख्य छावणी आणि बिर्केनाउ) पाहायला साडेतीन तास, बिर्केनाउमध्ये खडीवरून मैलभर चालणं. १४ वर्षांखालील मुलांना आणू नये असं संग्रहालय स्वतःच सुचवतं.

तुमची मुलगी १३ ची आहे. नेऊ नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही तिला ओळखता. पण शनिवारी ते आणि रविवारी कारखाना, असं लागोपाठ दोन दिवस केलंत तर दुसऱ्या दिवशी मोठ्यांचंही लक्ष लागत नाही, डोळे नुसते फलकांवरून सरकतात. दोन्हींपैकी काही तरी हलकं करा. तुमच्यातला एक जण सासूबाई आणि मुलगी यांच्यासोबत शहरात थांबू शकतो, आणि रविवारी औषधालय सगळ्यांनी मिळून.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. हे असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा:

शनिवार: आउश्वित्झ, फक्त नवरा आणि मी. सासूबाई आणि मुलगी हॉटेलच्या जवळ, जुना चौक.
रविवार: ९.३० रेमू आणि दफनभूमी, १०.३० जुनं सभागृह, ११.१५ गॅलिशिया संग्रहालय, १२.३० जेवण, १.४५ म्योदोवाहून ट्रामने घेट्टोवीर चौक, २.०० औषधालय, ३.०० कारखाना (तिकीट आजच घेते), ५.०० ल्वोव्स्काची भिंत, मग ट्रामने परत.
प्वाशुव: शुक्रवारी सकाळी, वावेलच्या आधी, एक तास.

पाणवठा

प्वाशुव शुक्रवारी सकाळी म्हणजे काझिमिएशच्याही आधी झालं, उंबरठा यांनी सांगितलेला क्रम उलटला. सोमवारी सकाळी विमान किंवा गाडी उशिरा असेल तर तेव्हा ठेवा. नसेल तर या वेळी सोडा आणि चौकातल्या फलकांवर थांबा.

औषधालय २.०० आणि कारखाना ३.०० यात वेळ कमी पडतो. औषधालयात पाऊण तास, बाहेर येऊन सासूबाईंना लहान खुर्चीवर दहा मिनिटं, मग कोंचिकच्या बोगद्यातून त्यांच्या चालीने पंधरा-वीस मिनिटं, पिशव्या ठेवायला पंधरा. कारखान्याची वेळ ३.३० ची घ्या. ती मिळाली नाही तर जेवण अर्धा तास अलीकडे ओढा, पण औषधालय घाईत उरकू नका. आणि तिकीट घेताना तारीख रविवारचीच आहे ना ते दोनदा पाहा, कारण वेळेचं तिकीट बदलून मिळेल या भरवशावर राहता येत नाही. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, पाणी आणि सासूबाईंची औषधं शनिवारीच घेऊन ठेवा.